टाकीकाकांची खूण

माझ्या मुलीनं टाकीकाकांच्या मांडीवर पहिल्यांदा शू केली, तेव्हा मी शरमेनं अर्धी झाले आणि फडकं आणायला आत धावले. बाहेर येऊन बघते तर काका डोळे मिटून, हात जोडून बसलेले. कडक इस्त्रीचा पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला आणि चेहऱ्यावर घरात लग्न ठरल्यासारखा आनंद.

"ओव्हरफ्लो आला," ते म्हणाले. "वरून सांडलं की समजायचं, टाकी भरली. गाडी पास."

मग त्यांनी मुलगी माझ्याकडे दिली, खिशातून खडू काढला आणि माझ्या दारावर, मी सकाळीच ओल्या फडक्यानं पुसलेल्या हिरव्या दारावर, एक मोठा गोल काढून त्यात आडवी रेघ मारली. मी बघतच राहिले. तोंडातून शब्द फुटेना. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, माझ्या तोंडातून शब्द न फुटणं ही काही रोजची गोष्ट नाही.

पण ही तशी नंतरची गोष्ट. पहिली भेट याहून वाईट झाली होती.

मी मूळची साताऱ्याची. नवरा नीलेश रेल्वेच्या सिग्नल खात्यात. त्याची बदली झाशीला झाली आणि मार्च संपता संपता आम्ही आमच्या सव्वा वर्षाच्या जुईला घेऊन रेल्वे कॉलनीत राहायला आलो. तिसऱ्या दिवशी मी खोकी उघडत होते, दार उघडं होतं. एक उंच, वाळकुडा, सत्तरीचा माणूस नमस्कार-चमत्कार काही न करता सरळ आत आला. खांद्याला कापडी पिशवी. गळ्यात दोरीनं अडकवलेली लहान मुलांची पाण्याची बाटली, पिवळी, विटलेली, झाकणाला बदकाच्या चोचीसारखी तोटी. त्यानं खाली वाकून जुईचा लंगोट दोन बोटांनी दाबून पाहिला, तिच्या ओठांवरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "हा डबा किती वाजल्यापासून कोरडा आहे?"

माझ्या मुलीला डबा म्हणाला तो माणूस. मी हातातली कढई तशीच उचलली. दोन पावलं पुढे टाकली असतील, तेवढ्यात शेजारच्या मिश्रा भाभी पिठाच्या हातानं धावत आल्या. "अरे बिन्नू, जे तो अपने पानीवाले दादाजी आंय," त्या हसत म्हणाल्या. "इनसें का डरने."

काका मात्र कढईकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "सूनबाई, याच्यात दुधी शिजव. पातळ."

त्यांचं खरं नाव मोरेश्वर सप्रे. घराणं कितीतरी पिढ्या झाशीतलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत आपल्याकडे आता कुणी म्हणत नाही असे शब्द आणि मधेच खणखणीत हिंदी. तान्ह्या मुलाला दूध पाजायच्या चोचीच्या भांड्याला ते 'बोंडलं' म्हणाले, तेव्हा मला ती शिवी वाटली होती. नोकरी रेल्वेत, आणि तीस-पस्तीस वर्षं काम एकच: गाडीत पाणी भरणं. गाडी थांबली की रुळांमधल्या नळाला पाइप जोडायचा, एकेका डब्याची टाकी भरायची, वरून पाणी सांडलं की पाइप काढायचा, डब्यावर खडूनं खूण करायची आणि पुढच्या डब्याकडे पळायचं. गोल आणि गोलात आडवी रेघ, ही त्यांच्या गँगची खूण. रिटायर झाल्यावर डबे गेले, पण सवय कुठे जाणार? त्यांनी कॉलनीतली मुलं धरली.

सगळी मुलं नव्हेत हं. सहा महिन्यांच्या आतलं मूल त्यांच्या मते आईच्या इंजिनाला जोडलेलं असतं, तिथे आपण लुडबुड करायची नाही. तीन-चार वर्षांच्या पुढचं मूल स्वतः नळ शोधतं. मधली जी मंडळी आहेत, धड बोलता येत नाही, तहान लागली तर नुसती किरकिर करतात आणि आईला वाटतं झोप आली, ती काकांची गाडी. अशा अकरा मुलांच्या घरी ते रोज सकाळी अकराच्या सुमाराला फेरी काढत. पिशवीत बरुआसागरच्या बसनं आलेल्या कोवळ्या काकड्या, बेतवेच्या वाळूतलं कलिंगड, ताकाची बरणी. दारात पहिला प्रश्न ठरलेला, "शू झाली का?" हा प्रश्न ते आईला विचारत, आजीला विचारत, आणि घरी एकटाच बाप असला तर त्यालाही असा विचारत की तो दचकून हो म्हणे. नीलेश एकदा असाच हो म्हणाला होता.

शू झाली असेल तर रंग कसा होता? पिवळीजर्द की पाण्यासारखी? किती वेळा? सकाळच्या चहाला नातेवाईक बसलेले असले तरी ही चौकशी चुकत नसे. माझी नणंद पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यासमोर हे सगळं झालं. तिच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं आणि ती जाईपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही.

आणि त्या खुणा. कॉलनीत नवीन आलेल्या एका बाईंनी दारादारावरचे ते गोल पाहिले आणि चोरांनी घरं हेरून ठेवल्याची बोंब ठोकली. बायका जमल्या, काठ्या निघाल्या, कोणीतरी पोलिसांना बोलवायचं म्हणू लागलं. तेवढ्यात काका काकडी सोलत सोलत आले. "बहूजी," त्या बाईंना म्हणाले, "आपके यहाँ निशान इसलिए नहीं है कि आपका मुन्ना कल से सूखा है." त्या बाईंचा राग जिथल्या तिथे विरला आणि त्यांनी मुलाला उचलून काकांच्या पुढे केलं.

पुढे पुढे तर आयांमध्ये चढाओढ लागली. दारावर खूण नाही म्हणजे आई म्हणून आपली नाचक्की. एका बाईच्या सासरची मंडळी यायची होती आणि मूल काही केल्या शू करेना. तिनं पेलाभर पाणी त्याच्या चड्डीवर ओतलं आणि काकांना दाखवलं. काकांनी चड्डी नाकाशी नेली. मी समोरच उभी होते, मला वाटलं मला आता घेरी येणार. त्यांनी शांतपणे चड्डी खाली ठेवली आणि म्हणाले, "हे नळाचं आहे."

आम्ही सगळ्या हसलो. काका हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम काळवंडला. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय खूण करणार नाही," ते म्हणाले. "खोटी खूण माझ्या हातून परत होणार नाही." आणि त्या दिवशीची फेरी अर्धी टाकून निघून गेले. 'परत' या शब्दाकडे तेव्हा माझं लक्षच गेलं नाही.

कारण माझ्यापुढे माझीच पंचाईत होती. जुई पाणी पीत नव्हती.

एप्रिल लागला होता. झाशीचा उन्हाळा काय असतो हे साताऱ्याच्या माणसाला सांगून कळायचं नाही. दहा वाजले की गल्ली ओस, खिडकीच्या गजाला हात लागला तर चटका, वाळत घातलेले कपडे दहा मिनिटांत कडक. आणि या पोरीनं पाण्याचं भांडं दिसलं की ओठ असे घट्ट मिटायचे की सुईसुद्धा जाऊ नये. मी तीन तऱ्हांच्या बाटल्या आणल्या. बेडकाच्या चित्राचा पेला आणला. गाणी म्हटली, नाचले. शेवटी एक दिवस माझा धीर सुटला. मी तिला मांडीत दाबून धरलं, नाक चिमटीत धरलं आणि चमच्यानं पाणी ओतायला लागले. ती ठसकली, लालबुंद झाली, आणि त्याच क्षणी काका दारात.

त्या माणसाला धक्का बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी माझ्या हातातून चमचा ओढून घेतला. मला वाटलं आता ओरडणार. पण ते खाली बसले, जुई शांत होईपर्यंत थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "मुलाला पाणी पाजायचं नसतं, सूनबाई. जेवायला घालायचं असतं."

त्या दिवसापासून माझं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात गेलं. वरण घट्ट दिसलं की पळीभर गरम पाणी त्यात पडलंच. भातावर ताक. काकडी किसून दह्यात. खरबूज चमच्यानं कुस्करून. कलिंगडाची एकेक बी टोकरून काढलेली, आणि फोडी बोटभर लांब, जुईला स्वतःच्या मुठीत धरता येतील अशा. दोन खाण्यांच्या मधे घोटभर काहीतरी. एका दमात टाकी भरायचा हट्ट धरायचा नाही, असा त्यांचा नियम, लहान गाडी आहे, प्रत्येक स्टेशनला थोडं थोडं. सासूबाईंनी पाठवलेल्या लाल सरबताची बाटली त्यांना कपाटात दिसली, ती त्यांनी मला न विचारता मोगऱ्याच्या कुंडीत उपडी केली. गोड पाण्यानं पोट भरतं आणि मग मूल जेवत नाही, असं कुंडीकडे बघत म्हणाले. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. मोगराही त्यानंतर रुसला तो रुसलाच.

साध्या पाण्याची त्यांची युक्ती वेगळीच होती. दोन छोटी फुलपात्रं घेऊन ते जुईसमोर मांडी घालून बसत आणि केविलवाणा चेहरा करून म्हणत, "बाईसाहेब, फार तहान लागली हो. पाणी द्याल का?" जुई दोन्ही हातांनी फुलपात्र उचलून त्यांच्या तोंडाला लावी. अर्धं पाणी त्यांच्या सदऱ्यावर. ते गटागटा पीत, "वाहवा" म्हणत. मग दुसरं फुलपात्र ती आपल्याच तोंडाला लावी, त्यांच्यासारखाच घशातून आवाज काढत. मी दारामागून हे पाहिलं आणि पदर तोंडात धरून रडले. एवढं सोपं होतं ते. मुलीला पाणी नको नव्हतं, कुणाचा हुकूम नको होता.

हाच प्रकार अकरा घरांत. अकरा मुलांच्या हातची अकरा फुलपात्रं प्यायल्यावर साडेबाराच्या सुमाराला काका कॉलनीच्या फाटकातून इतक्या घाईनं बाहेर पडत की वाटेत कुणी रामराम केला तरी थांबत नसत. आम्ही सगळ्या गॅलऱ्यांतून त्यांची ती चाल बघत असू.

आधी घरी आणि मग तिथून ते स्टेशनवर जात. रोज. दुपारची एक गाडी येते, तिच्या मागच्या डब्यांसमोर उभे राहत, खिडक्या बघत, गाडी हलली की परत येत. गळ्यात ती पिवळी बाटली. तिचं काय प्रकरण आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज सकाळी ते तिच्यातलं पाणी कडुनिंबाच्या मुळाशी ओतत, बाटली घासत, ताजं पाणी भरत आणि दिवसभर तिला तोंड लावत नसत. कुणाला लावूही देत नसत. एकदा जुईनं ती धरून ओढली, तर त्यांनी तिच्या हातातून अक्षरशः हिसकावली. "ही नाही," ते म्हणाले. "ही दुसऱ्याची आहे." जुई भोकाड पसरून रडली. हा माणूस मुलाच्या हातून काही हिसकावून घेऊ शकतो, हे मला खरंच वाटेना. त्यांना मूलबाळ नव्हतं, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, कॉलनीमागच्या गल्लीत एका खोलीत एकटे राहत होते. मग दुसरं कोण? मिश्रा भाभी म्हणायच्या, बुढ़ापा है, और का.

मे महिन्यात एका सकाळी जुईला उलट्या सुरू झाल्या.

नीलेश बबीनाच्या बाजूला लाइनवर गेला होता, फोन लागत नव्हता. नऊपर्यंत तीन उलट्या, मग पातळ जुलाब. अकरा वाजता काका दारात आले तेव्हा मी त्यांच्या गळ्यातच पडायची बाकी होते. म्हटलं, लवकर ताक करा, कलिंगडाचं पाणी काढा, तुमच्या युक्तीनं पाजा काहीतरी.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. जुईच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी सावकाश मोडली. जुई रडत होती आणि डोळ्यांत टिपूस नव्हता. काकांचा चेहरा पांढरा पडला.

"आता माझं काम नाही हे," ते म्हणाले. "डॉक्टर. आत्ताच्या आत्ता."

ज्या माणसाकडे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर काकडी होती, तो असं म्हणाला, तेव्हा मी जुईला उचलून तशीच बाहेर धावले. मिश्रा भाभींनी ऑटो थांबवली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण ठाम. त्यांनी जुईला नीट तपासलं, ओआरएसचं पाकीट पाण्यात कालवून दिलं आणि सांगितलं, दर दोन मिनिटांनी एक चमचा, एकच, इथेच माझ्या नजरेसमोर बसून. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. चार वाजेपर्यंत लघवी झाली नाही, किंवा मूल मलूल वाटलं, तर सलाइन लावून ठेवून घ्यायचं.

मी इतक्या घाईनं चमचा नेत होते की तो रिकामा होऊनच तिच्या तोंडाशी पोचे. काकांनी चमचा घेतला. जुई त्यांच्या मांडीवर, डाव्या मनगटावर जुनं घड्याळ. दोन मिनिटं झाली की एक चमचा. दोन मिनिटं, एक चमचा. डोळे घड्याळावरून हलत नव्हते. साडेबारा वाजले. एक वाजला. मी म्हटलं, काका, तुमची स्टेशनची वेळ गेली. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून बोलले.

"आज ती गाडी इथेच आली," ते म्हणाले, आणि चमच्या-चमच्यामधल्या दोन-दोन मिनिटांत त्यांनी मला ते सांगितलं.

नोकरीतली जुनी गोष्ट. तेव्हा ते दुसऱ्या एका स्टेशनवर होते, नाव त्यांनी सांगितलं नाही. असाच उन्हाळा, सुट्ट्यांची गर्दी, हीच दुपारची गाडी, त्या दिवशी उशिरा आलेली, थांबायला वेळ कमी. सगळे डबे भरून झाले, शेवटचा एक राहिला आणि पाइप फाटला. दुसरा आणायला जावं तर शिट्टी व्हायची वेळ. काकांनी विचार केला, एकच तर डबा आहे, पुढच्या मुक्कामाला भरतील. आणि खिशातून खडू काढून त्यांनी त्या कोरड्या डब्यावर गोल काढला आणि आडवी रेघ मारली.

"पुढे कुणी भरणार कसं?" ते म्हणाले. "खूण होती ना त्याच्यावर."

परत फिरताना त्याच डब्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. एक बाई, मांडीवर जुईएवढं मूल. भैया, नळाला पाणी नाही, यानं सकाळपासून घोटभरसुद्धा घेतलं नाही, म्हणाली आणि मुलाची बाटली काकांच्या हातात दिली. पिवळी, चोचीच्या झाकणाची. काका पळाले. नळावर गर्दी होती. त्यांनी लोकांना ढकललं, बाटली भरली, वळले तर गाडी हललेली. बाटली हातात धरून ते प्लॅटफॉर्म संपेपर्यंत धावले. डबा समोरून निघून गेला आणि त्यावरची त्यांनीच केलेली खूण त्यांना दिसत राहिली.

त्यांनी फोन केले, पुढच्या स्टेशनांवर विचारलं, महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गार्डला विचारलं. कुठूनच काही कळलं नाही.

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. नुसता धक्का नाही, राग. ज्या हातांत माझी मुलगी होती तेच ते हात, असं मनात आलं आणि मी जुईला घ्यायला हात पुढे केले. काकांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी चमचा माझ्यापुढे धरला आणि मान खाली घालून म्हणाले, "दोन मिनिटं झाली. तू देतेस का?"

मी चमचा घेतला. निम्मं सांडलं. जुईनं तोंड फिरवलं आणि काकांच्या सदऱ्यात घातलं. मी चमचा परत त्यांना दिला.

आणखी सात-आठ चमचे गेले. मग त्यांनी घड्याळावरून नजर न काढता विचारलं, "काही कळलं नाही म्हणजे मूल बरंच असणार, नाही का? काही वाईट झालं असतं तर कुठूनतरी कानावर आलं असतं." आवाज असा की जणू हा प्रश्न त्यांनी आजवर कुणाला विचारलाच नव्हता आणि रोज स्वतःला विचारत होते.

"बरंच असणार," मी म्हटलं. "डब्यात आणखी लोक होते, काका. कुणीतरी पाणी दिलंच असेल." मला ठाऊक नव्हतं. पण मी ते मनापासून म्हटलं.

"मग बाटली तेवढी द्यायची राहिली," ते म्हणाले. "आणि शिळं पाणी कसं द्यायचं?"

पावणेचार वाजता काका एकदम ताठ झाले. मी घाबरून उठले. त्यांच्या पायजम्यावर हळूहळू ओला डाग पसरत होता. ते 'ओव्हरफ्लो' म्हणाले नाहीत, 'गाडी पास' म्हणाले नाहीत, हात जोडले नाहीत. माझा दंड धरून विचारलं, "सूनबाई, तू बघितलंस ना? माझ्या एकट्याच्या डोळ्यांवर जाऊ नको. तू स्वतः बघ." मी हात लावून पाहिलं. गरम होतं, खरं होतं. मी त्यांना म्हटलं, बघितलं, काका, मी बघितलं. डॉक्टरीणबाईंनीही येऊन पाहिलं आणि चमचे चालू ठेवा म्हणाल्या. संध्याकाळी आम्ही जुईला घेऊन घरी आलो.

त्यानंतर तीन दिवस काका फिरकले नाहीत. अकरा वाजायचे, कॉलनीत कुठेच "शू झाली का" ऐकू यायचं नाही. दारावरच्या खुणा पुसट झाल्या. ज्या प्रश्नानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, तो ऐकायला मी दारात उभी राहू लागले. मला कळत होतं ते का येत नाहीत. मी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं, ती त्यांनी बरोबर वाचली होती.

चौथ्या दिवशी जुई पुन्हा घरभर धावायला लागली. मी तिला कडेवर घेतलं आणि मागच्या गल्लीत गेले. काकांची खोली मी पहिल्यांदाच बघत होते. दार बंद, निळ्या रंगाचं, स्वच्छ, कोरं. इतक्या वर्षांत साऱ्या कॉलनीच्या दारांवर खुणा करणाऱ्या या माणसाच्या दारावर कधी कुणी रेघ ओढली नव्हती. माझ्या खिडकीत त्यांच्या खडूचा तुकडा राहिला होता, तो मी बरोबर आणला होता. मी त्या दारावर एक गोल काढला आणि आडवी रेघ मारली. थोडी तिरकी गेली.

खडूचा आवाज ऐकून असेल, दार उघडलं. काकांची दाढी वाढलेली, ओठांना भेगा पडलेल्या. त्यांनी जुईकडे पाहिलं, मग दाराकडे. पुढे झाले आणि बाहीनं माझी खूण पुसून टाकली.

मला कानफटात बसल्यासारखं झालं, हातातला खडू खाली पडला.

"सकाळपासून पाणी नाही माझ्या पोटात," ते म्हणाले. "खोटी खूण करू नको, सूनबाई."

त्यांच्या मागे भिंतीवर खिळ्याला ती पिवळी बाटली लटकत होती. तिच्यात मात्र त्या दिवशीचं ताजं पाणी भरलेलं दिसत होतं.

मी जुईला उंबऱ्यावर ठेवलं, आत जाऊन माठातून फुलपात्र भरलं आणि तिच्या हातात दिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं दोन्ही हातांनी ते उचलून वर धरलं. काका खाली बसले. या वेळी "फार तहान लागली हो" म्हणाले नाहीत, केविलवाणा चेहराही केला नाही. नुसते प्यायले. अर्धं सदऱ्यावर सांडलं. मी पुन्हा भरून आणलं. तिसऱ्या फुलपात्राला त्यांनी मान हलवून नको म्हटलं, तर जुईनं त्यांच्याच आवाजात घशातून आवाज काढून दाखवला, मग तेही प्यायले.

"ओव्हरफ्लोची अट तुमच्यापुरती मी सोडते," मी म्हटलं. "पण उद्यापासून माझी फेरी तुमच्याकडे. साडेदहाला. पहिला प्रश्न ठरलेला आहे."

काका हसले की नाही मला सांगता यायचं नाही, त्यांनी तोंड बाहीनं पुसलं. त्याच बाहीला खडूचा पांढरा डाग होता, तो गालाला लागला. मग जमिनीवर पडलेला खडू त्यांनी शोधला, फुंकर मारून माझ्या हातात दिला आणि दार माझ्याकडे वळवून धरलं.

"आता कर," ते म्हणाले.